रामेश्वर यात्रा : आपल्या भागातून पहिल्यांदा जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावातून आजवर चार वेळा रामेश्वरला मंडळी घेऊन जाण्याचा योग आला. तालुक्याच्या नावातच दर्या असला तरी निघणाऱ्यांपैकी बहुतेकांनी समुद्र कधी पाहिलेला नसतो. त्यामुळे दरवेळी निघण्यापूर्वी तेच ते प्रश्न येतात, आणि त्यांत देवाविषयीच्या प्रश्नांपेक्षा पाण्याविषयीचे प्रश्न अधिक असतात. रामेश्वर हे मुख्यतः पाण्याचेच तीर्थ असल्यामुळे ते योग्यही आहे.

रामेश्वर नेमके कोठे आहे? तेथे होडीने जावे लागते का?

रामेश्वर तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील पांबन बेटावर आहे. बेटाच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचे आखात आणि पलीकडे श्रीलंका आहे. होडीची गरज पडत नाही, कारण मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधील सुमारे दोन किलोमीटरच्या खाडीवर रेल्वेचा आणि मोटारींचा असे दोन पूल आहेत. रेल्वेचा जुना पूल १९१४ साली सुरू झाला आणि गंजल्यामुळे डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरील वाहतूक थांबवावी लागली. त्याच्या शेजारी बांधलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीच्या दिवशी सुरू झाला. जहाज जायचे असेल तेव्हा या नव्या पुलाचा मधला ७२.५ मीटरचा भाग सरळ वर उचलला जातो. मोटारींचा पूल १९८८ पासून वापरात आहे. गाडी पुलावर आली की डब्यातील सगळे एकाच बाजूच्या खिडक्यांकडे धावतात, परंतु समुद्र दोन्ही बाजूंना असल्याने धावण्याचे कारण नाही.

आपल्या भागातून कसे जावे?

आठवड्यातून एकदा धावणारी ओखा–रामेश्वर एक्सप्रेस अकोल्यावरून जाते, तर बनारस–रामेश्वर ही साप्ताहिक गाडी नागपूर आणि बल्लारशामार्गे जाते. या दोहोंपैकी एकीचे आरक्षण मिळाले तर वाटेत गाडी बदलण्याचा त्रास वाचतो. ते न मिळाल्यास नागपूरहून चेन्नई सेंट्रल गाठावे आणि तेथून जवळच्या एग्मोर स्थानकावरून रात्रीच्या गाडीने रामेश्वरला जावे. दोन्ही स्थानकांमधील अंतर दोन किलोमीटरच्या आसपास असले तरी सामान आणि म्हातारी माणसे बरोबर असल्यास हातात किमान तीन तास ठेवावेत. नागपूरहून चेन्नई सुमारे ११०० किलोमीटर आहे आणि तेथून रामेश्वर आणखी सुमारे ६०० किलोमीटर आहे. तिसरा मार्ग मदुराईवरून आहे. तेथून रामेश्वरला बसने साधारण चार तास लागतात आणि वाटेवर मीनाक्षीचे दर्शनही होते. साप्ताहिक गाड्यांचे वार बदलतात, म्हणून आरक्षणाच्या दिवशी वेळापत्रक पुन्हा पाहावे.

कोणत्या महिन्यात जाणे योग्य ठरेल?

या प्रश्नावर आपली मंडळी हमखास चुकतात. आपल्याकडे दसऱ्यापर्यंत पाऊस सरतो, सोयाबीन घरात येते आणि दिवाळीच्या मागेपुढे घरी यात्रेचा विषय निघतो. परंतु ज्या वेळी आपला पावसाळा संपतो, त्याच वेळी रामेश्वरचा खरा पावसाळा सुरू होतो. तेथे जून ते सप्टेंबरमध्ये तुरळकच पाऊस पडतो, आणि वर्षाचा बहुतांश पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. बंगालच्या उपसागरातील वादळांचा काळही हाच आहे. आमची पहिली खेप नोव्हेंबरात गेली होती. तीन दिवसांत एकदाही ऊन पडले नाही, ओले कपडे ओलेच राहिले आणि धनुष्कोडीचा रस्ता बंद होता.

जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. तोवर आपल्याकडील कापसाची वेचणी बरीचशी आटोपलेली असते आणि तूरही निघालेली असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलाच्या वाटेवरील काळ्या वस्त्रांतील अय्यप्पा भक्तांची फार गर्दी असते. आषाढ अमावस्या, सर्वपित्री अमावस्या आणि पौष अमावस्या या तीन दिवशी पितरांसाठी समुद्रस्नानाला अफाट गर्दी लोटते. श्राद्धकर्मासाठीच जायचे असेल तर गोष्ट वेगळी, एरवी या तिथी टाळाव्यात. महाशिवरात्रीलाही हाच नियम लावावा.

उन्हाळ्याविषयी एक सूचना करावीशी वाटते. "आम्ही पंचेचाळीस अंश सोसतो, तेथील छत्तीस काय करणार," असे म्हणत एक गृहस्थ मे महिन्यात गेले होते. आपले ऊन कोरडे असल्यामुळे घाम येताच वाळतो; तेथील हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही आणि दुपारी अंगातील सारे बळ गळून जाते. याच कारणाने आपला घरचा कूलर तेथे निरुपयोगी ठरतो. खोली घेताना कूलरची चौकशी करू नये. पंखा किंवा एसी आहे का, एवढेच विचारावे.

समुद्रस्नान आधी करावे की दर्शन?

परंपरेने क्रम ठरलेला आहे. प्रथम देवळाच्या पूर्वेकडील अग्नितीर्थात, म्हणजे समुद्रात, स्नान करावे. मग तशाच ओल्या कपड्यांनी देवळातील बावीस तीर्थांचे स्नान घ्यावे. त्यानंतर कोरडे कपडे घालूनच दर्शनाच्या रांगेत उभे राहावे. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, म्हणून कपड्यांची पिशवी गटातील एका माणसाकडे द्यावी आणि त्याने पहिल्या फेरीत स्नान न करता ती सांभाळावी.

अग्नितीर्थाचा समुद्र पाल्कच्या उपसागराच्या बाजूचा असल्यामुळे उथळ आणि बहुधा शांत असतो. आपल्या तलावासारखे पाणी पाहून पहिल्यांदा येणाऱ्यांची थोडी निराशाही होते. तरीही म्हाताऱ्या माणसांना गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ देऊ नये. अंगावरील कपडे, निर्माल्य किंवा पूजेचे साहित्य पाण्यात सोडू नये. तळाशी अडकलेली जुनी लुगडी पायात येऊन माणसे पडताना आम्ही पाहिली आहेत.

बावीस तीर्थे म्हणजे काय आणि तेथे स्नान कसे होते?

देवळाच्या आवारातच ही बावीस तीर्थे आहेत आणि त्यांपैकी बहुतेक विहिरी आहेत. महालक्ष्मी, सावित्री, गायत्री, सरस्वती येथून सुरुवात होऊन नल, नील, शंख, चक्र, सूर्य, चंद्र, गंगा, यमुना, गया असे करत कोटितीर्थाशी क्रम संपतो. प्रभू रामाच्या भात्यातील बावीस बाणांवरून ही संख्या आली, असे तेथे सांगतात. देवस्थानच्या खिडकीवर तिकीट काढले की आत जाता येते. प्रत्येक विहिरीच्या काठावर पोहरा आणि दोर घेऊन माणूस उभा असतो. तो पाणी शेंदतो, समोरच्या डोक्यांवर ओततो, आणि माणसे ओल्या पायांनी पुढील विहिरीकडे वळतात. आपल्याकडे शेंदणे हा शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरला आहे, म्हणून बरोबरच्या मुलांना हे दृश्य आवर्जून दाखवावे.

बाहेर भेटणारे काही जण गटासाठी वेगळा पोहरा आणि भरपूर पाण्याचे आमिष दाखवून बरीच मोठी रक्कम मागतात. घाई नसेल तर त्याची आवश्यकता नाही. पहाटे गेल्यास साध्या तिकिटावरही दीड तासात सर्व तीर्थे होतात. दागिने, घड्याळे आणि कानातील श्रवणयंत्रे खोलीवर ठेवावीत. स्त्रियांनी गडद रंगाचे जाड कापड नेसावे. पातळ पांढरे सुती वस्त्र भिजल्यावर संकोच होतो.

समुद्र इतक्या जवळ असूनही विहिरींचे पाणी गोडे कसे?

हा प्रश्न मला सर्वांत प्रिय आहे, कारण तो खारपाणपट्ट्यातील माणसालाच सुचतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या पूर्णेच्या खोऱ्यात विहीर खणली की मचूळ पाणी लागते, आणि लाटांच्या आवाजात उभ्या असलेल्या देवळातील विहिरीत तोंडात घेता येईल असे पाणी लागते, हे आपल्याला उलटे वाटणारच. आमच्यातील एका आजींनी पहिल्याच तीर्थाचे पाणी जिभेवर घेतले आणि "हे तर आपल्या नळापेक्षा बरं हाय" असे मोठ्याने सांगितले.

कारण असे आहे. बेटाचा वरचा थर वाळूचा आणि पोवळ्यांपासून झालेल्या चुनखडीचा आहे. त्यातून पावसाचे पाणी झपाट्याने खाली मुरते. खाली समुद्राचे खारे पाणी असते, परंतु ते गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे मुरलेले गोडे पाणी त्यात न मिसळता त्याच्यावर तरंगत राहते. दुधावर साय राहावी, तसा हा थर असतो. तो बेटाच्या मध्यभागी जाड आणि किनाऱ्याकडे पातळ होत जातो. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर तत्त्वतः खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. विहीर उथळ ठेवली आणि पाणी पोहऱ्याने शेंदले, तर ही साय फाटत नाही. विहीर फार खोल नेली किंवा मोटरपंपाने उपसा केला, तर खालचे खारे पाणी वर चढते आणि मग ते सहजी उतरत नाही.

आपल्याकडील गोष्ट वेगळी आहे. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे खोल थर आहेत, त्यांत क्षार साचलेले आहेत आणि चिकण मातीतून त्यांचा निचरा होत नाही. त्यामुळे पाणी मुरले तरी ते क्षार घेऊनच विहिरीत येते. तेथे खारेपणा समुद्रातून येतो, येथे तो आपल्याच मातीतून येतो. बावीस तीर्थांच्या पाण्याची चव थोडी थोडी निराळी लागते, हे मात्र खरे आहे. एखाद्या विहिरीत किंचित मचूळपणा जाणवतो. चव घेण्यापुरते थेंबभर पाणी ठीक आहे. पिण्यासाठी बाटलीचेच पाणी वापरावे.

गुडघे दुखत असल्यास बावीस तीर्थे करावीत का?

चढ-उतार फारसा नाही, परंतु दगडी फरशी सतत ओली असते आणि गर्दीत धक्के लागतात. दमा किंवा हृदयविकार असल्यास पाठोपाठ डोक्यावर पडणारे पाणी सोसत नाही. अशा व्यक्तींनी समुद्राचे पाणी अंगावर शिंपडून घ्यावे, गटातील कोणाकडून कोटितीर्थाचे पाणी आणवावे आणि थेट दर्शन घ्यावे. त्याने यात्रा अपुरी राहत नाही, असे तेथील पुजारीही सांगतात.

गाभाऱ्यात दोन शिवलिंगे आहेत का? कोणाचे दर्शन आधी घ्यावे?

स्थलपुराणानुसार रावणवधानंतर शिवपूजेसाठी रामाने हनुमंताला कैलासावरून लिंग आणण्यास पाठवले. त्याला उशीर झाल्याने मुहूर्त टळू नये म्हणून सीतामाईने वाळूचे लिंग केले, तेच रामलिंग. हनुमंताने आणलेले ते विश्वलिंग, आणि त्याचे मन मोडू नये म्हणून पहिली पूजा विश्वलिंगाची होईल, असे रामाने ठरवून दिले. तोच क्रम आजही पाळला जातो. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक आहे आणि चार धामांमधील दक्षिणेचे धामही हेच. देवीचे नाव पर्वतवर्धिनी आहे. पहाटे पाच ते सहाच्या सुमारास स्फटिकलिंगाचे दर्शन असते. त्यासाठी साडेचारला रांगेत उभे राहण्याची तयारी ठेवावी. दुपारी एकच्या सुमारास देऊळ बंद होते आणि तीनला पुन्हा उघडते.

तेथील पुजारी मराठी असतात, हे खरे आहे का?

मुख्य लिंगाची पूजा करणारी पुजारी घराणी मूळची महाराष्ट्रातील असून ती शृंगेरी मठाकडून दीक्षा घेतात, अशी तेथील परंपरा आहे. याचा अर्थ ते आपल्याशी मराठीत बोलत बसतील असा नाही. पिढ्यानपिढ्या तेथे राहिल्यामुळे त्यांचे बोलणे तामिळ आहे. आमच्या काकूंनी गाभाऱ्यासमोर "कोणत्या गावचे हो तुम्ही?" असे विचारलेच, आणि रांग पुढे सरकवली गेली.

काशीची गंगा रामेश्वराला वाहण्याचा विधी कसा करावा?

पूर्ण यात्रेचा जुना क्रम असा आहे की सेतूची वाळू घेऊन आधी प्रयागला जावे, ती संगमात सोडावी, तेथून काशीची गंगा भरून आणावी आणि रामेश्वराला अभिषेक करावा. याच गंगेची कावड वाहत असताना एकनाथ महाराजांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला ते पाणी पाजल्याची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. आज बहुतेक जण काशीहून आलेले गंगाजल घेऊन एकदाच रामेश्वर करतात. गंगाजल तांब्याच्या किंवा पितळेच्या गडूतून न्यावे आणि देवस्थानच्या खिडकीवर गंगाभिषेकाचे तिकीट काढावे. ज्यांच्याजवळ गंगाजल नसेल त्यांना ते तेथेही मिळते. अभिषेक स्वतःच्या हाताने करता येत नाही. तो पुजारीच करतात आणि आपण समोर उभे राहून पाहायचा असतो. घृष्णेश्वरी किंवा औंढ्याला पिंडीला हात लावण्याची सवय असलेल्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

दर्शनाशिवाय देवळात आणखी काय पाहावे?

बाहेरील प्राकाराचा, म्हणजे देवळाभोवतीच्या खांबांच्या फेरीवाटेचा, मंडप पाहावा, आणि तो चालत पाहावा. देवळातील सारे प्राकार मिळून लांबी सुमारे ३८५० फूट आहे, बाहेरील प्राकाराला खांब १२१२ आहेत, आणि तो अठराव्या शतकात रामनाथपुरमच्या मुथुरामलिंग सेतुपती या राजाच्या काळात पुरा झाला. सेतुपती म्हणजे सेतूचे रक्षक. एका टोकाला उभे राहिले की खांबांच्या ओळी दूर जाऊन मिळाल्यासारख्या दिसतात. दुपारी देऊळ बंद होण्याच्या सुमारास येथे गर्दी ओसरते. पूर्वेकडील गोपुर सुमारे १२६ फूट उंच आहे.

मोबाइल नेता येतो का?

नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२२ मधील आदेशानंतर तामिळनाडूतील देवळांत मोबाइलला बंदी आहे. तो खोलीवर ठेवावा आणि गटाने भेटण्याची जागा आणि वेळ तोंडी ठरवून घ्यावी.

धनुष्कोडीला जावे का? रामसेतू दिसतो का?

अवश्य जावे. रामेश्वरहून सुमारे वीस किलोमीटरवर बेटाचे निमुळते टोक आहे. एकेकाळी येथे रेल्वे स्थानक, टपाल कचेरी, चर्च आणि श्रीलंकेच्या तलैमन्नारला जाणाऱ्या बोटींचा धक्का होता. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळात सारे गाव नष्ट झाले. पांबनहून निघालेली प्रवासी गाडी लाटांनी गिळली आणि तीतील शंभराहून अधिक माणसांपैकी कोणीही वाचले नाही. चर्चच्या आणि स्थानकाच्या भिंती अजून वाळूत उभ्या आहेत. वाटेवरील कोदंडराम मंदिर मात्र त्या वादळातून वाचले. बिभीषण रामाला शरण आला ती जागा हीच, असे मानतात.

रस्त्याच्या शेवटी, अरिचलमुनैला, डावीकडे शांत आणि उजवीकडे खवळलेला असे दोन समुद्र भेटतात. तामिळ लोक शांत समुद्राला बाई-समुद्र आणि दुसऱ्याला पुरुष-समुद्र म्हणतात. येथे पाण्यात उतरू नये, प्रवाह फार ओढतो. रामसेतू पुलासारखा दिसेल या अपेक्षेने जाऊ नये. तो वाळूच्या आणि उथळ जागांच्या ओळीने श्रीलंकेकडे गेलेला आहे आणि किनाऱ्यावरून केवळ पाणीच दिसते. हे आधी न सांगितल्यामुळे आमच्या बसमध्ये एकदा चांगलीच कुरकुर झाली होती. संध्याकाळी उशिरा वाहने पुढे सोडत नाहीत, म्हणून दुपारी तीनच्या आत निघावे.

आणखी कोणती ठिकाणे आहेत?

गंधमादन पर्वत ही बेटावरील सर्वांत उंच टेकडी असून तेथे रामाच्या पादुका आहेत. माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९३१ रोजी रामेश्वरलाच झाला. त्यांचे घर आणि बेटावरील स्मारक दोन्ही पाहता येतात. शिकागोहून परतलेल्या स्वामी विवेकानंदांनी जानेवारी १८९७ मध्ये पांबनलाच भारतभूमीवर पाऊल ठेवले होते.

जेवणाचे काय?

केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, दोन भाज्या आणि ताक असे शाकाहारी जेवण सर्वत्र मिळते आणि भात हवा तितका वाढतात. भाकर मिळत नाही, आणि पोळी मागितली तर बहुधा मैद्याचा पराठा येतो. तिसऱ्या दिवशी भाताचा कंटाळा येतोच, म्हणून दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि जवसाची चटणी शिदोरीत असावी. बेटावर मासेमारी हाच मुख्य व्यवसाय असल्याने बंदराच्या बाजूला सुक्या मासळीचा वास येतो. माळकरी मंडळींना आधीच कल्पना द्यावी.

भाषेची अडचण येते का?

देवळाच्या परिसरात हिंदी चालते. रिक्षावाल्याशी किंवा दुकानदाराशी बोलताना "अण्णा" किंवा "अम्मा" अशी सुरुवात केल्यास चेहरा खुलतो. "तण्णी" म्हणजे पाणी, "साप्पाडु" म्हणजे जेवण, "एव्वळवु" म्हणजे किती आणि "वेण्डाम" म्हणजे नको. शेवटचा शब्द सर्वाधिक उपयोगी पडतो.

शंख, शिंपले किंवा पोवळे आणावे का?

किनाऱ्यावरून पोवळे मुळीच उचलू नये. मन्नारच्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शंखांच्याही काही जाती याच कायद्याखाली येतात, म्हणून घेतल्यास दुकानातून पावतीसह घ्यावा. प्रयागला नेण्यासाठी मूठभर वाळू पुरते.

किती दिवस राहावे?

दोन मुक्काम करावेत. एका यात्रा कंपनीने आम्हाला पहाटे पाचला उतरवून नऊला बसमध्ये बसण्यास सांगितले होते. निम्म्या मंडळींची तीर्थे झाली आणि दर्शन राहिले, उरलेल्यांचे दर्शन झाले आणि तीर्थे राहिली. पहिल्या दिवशी पहाटे समुद्र, तीर्थे आणि दर्शन, दुपारी विश्रांती, संध्याकाळी प्राकार. दुसऱ्या दिवशी पहाटे स्फटिकलिंग आणि मग धनुष्कोडी, असे ठेवल्यास कोणाचेही काही राहत नाही. आगाऊ पैसे देण्यापूर्वी रामेश्वरला किती मुक्काम आहेत, हे कंपनीच्या छापील पत्रकावर लिहून घ्यावे.